पाळण्यापाशी वांजिरू

बंगलोर, १९९६

ती. आईस,
कस्तुरीचा वाकून नमस्कार. बाळाचं बारसं छान झालं, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा आहे?

शेजारच्या खोलीत वांजिरू राहते. आफ्रिकेतली आहे, इथं कॉलेजात शिकते. गल्लीत लोक तिला रंगावरून काहीबाही बोलतात. मी तिला पाळण्यापाशी बाळ द्यायला-घ्यायला उभी केली. तर घरमालकीण श्यामलाक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "ही काळी नको. बाळाला नजर लागेल. ऐकत नसशील तर खोली खाली कर."

आई, मी म्हणलं, "अक्का, मी तरी कुठं गोरी? वांजिरू नसेल तर बारसंच नको."

बायका हसल्या. मग वांजिरूनं बाळ उचललं, पाळण्याखालून पलीकडं धरलं आणि मी शिकवलेलं मोठ्यानं म्हणाली, "गोपाळ घ्या!" पलीकडं अक्काच उभी. आता बाळ समोर धरल्यावर करते काय? घेतलं. बाळानं लगेच तिचा रेशमी पदर भिजवला.

खोलीचं अक्का अजून काही बोलली नाही. तिची पावलं वाजली की मी कान देऊन ऐकते. खोली सोडायला लागलीच तर वांजिरू नि मी मिळून दुसरी शोधू, दोघींना शेजारी शेजारी.

बाबांना नमस्कार, धाकट्याला पापा.

तुझी,
कस्तुरी