हनुवटीवरचे तीन टाके

प्रिय चिमणे,

तीनदा फोन उचलला आणि ठेवला. बोलताना माझी बोबडी वळेल, म्हणून लिहितेय. रविवारी तू म्हणालीस, मूल नकोच, माझी वाकडी हनुवटी त्याच्या वाट्याला यायला नको. आणि मी ‘तुझी मर्जी’ म्हणून मोकळी झाले. ते शब्द आता मला खायला उठलेत.

काल सहा वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन केलं. जिन्यात हनुवटीवर आपटलेली. कुठल्याशा डॉक्टरांनी टाके घालून घरी पाठवलं, पण पोरगी तोंडच उघडेना. असं पडलं की रक्त हनुवटीला दिसतं आणि हाड मोडतं कानापाशी, सांध्यात. तिथे कुणी बघत नाही. हिचं समोर हनुवटीतही मोडलं होतं. लहान मुलांच्या हाडात पक्के दात दडून बसलेले असतात, म्हणून ते वाचवत जबड्याच्या खालच्या कडेला धातूची इवलीशी पट्टी बसवली. सांध्याला व्यायाम पुरेल. दुर्लक्ष झालं तर मात्र त्या बाजूचा जबडा वाढत नाही आणि हनुवटी तिकडेच सरकते.

सगळं छान झालं म्हणून सांगायला बाहेर आले, तर तिची मोठी बहीण कुणी काही विचारायच्या आतच म्हणाली, ती आपली आपणच पडली. मी तिथेच बाकावर बसले. नर्सला वाटलं, मी सकाळपासून उपाशी आहे.

ते वाक्य माझं आहे गं. तू पाचची, मी नऊची. माझी रंगपेटी घेऊन पळालीस म्हणून जिन्यात मीच तुला ढकललं, आणि आईला हेच सांगितलं. तीन टाके पडले. नंतर कितीतरी दिवस तू जेवायला नुसतं पातळ मागायचीस, आणि मी म्हणायचे, नाटकं करते. हनुवटी डावीकडे गेली तेव्हा घरच्यांनी ठरवलं, जन्माचीच आहे. मी गप्प बसले. पुढे शेकडो जबडे जोडले, पण तुझ्याकडे डॉक्टर म्हणून एकदाही पाहिलं नाही.

घरी येऊन अल्बम काढला. तुझ्या चौथ्या वाढदिवसाचा फोटो सोबत पाठवतेय, नीट बघ. हनुवटी अगदी सरळ आहे. तुझ्या रक्तात काही खोट नाही, चिमणे. मूल हवं की नको ते तुम्ही दोघं ठरवा, पण माझ्या थापेवरून ठरवू नका. मला माफ करायची घाई नको.

बोलणं टाकलंस तरी तुझीच,
ताई