नकाशातला निळा तुकडा

५ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय मंजूर. आपल्या भागातल्या विहिरी आणि भूजलाची पातळी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "भूगोल शिकून काय होणार तू? पोस्टमन?" प्रवेश घेतल्यापासून हाच विनोद चालू आहे आणि दर वेळी तेच हसतात. स्वतः जन्मभर बोअरवेलचं मशीन घेऊन जमिनीला भोकं पाडतात. पाणी कुठे लागेल हे त्यांना 'वाटतं'. त्यांचं वाटणं हे शास्त्र, आणि मी शिकते तो टाइमपास!

९ जानेवारी

मोजणी सुरू. टेपला खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, खडू भिजला तिथे पाणी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी खडू घेऊन गल्लोगल्ली हिंडते. आईने शेजारणीला सांगून ठेवलंय की मी कॉम्प्युटर शिकते.

१७ जानेवारी

सरांनी आकडे बघितले. "हे वाळवंट कुठलं गं?" मग — "मोजलंस कधी?" म्हटलं, सकाळी दहा-अकराला. म्हणजे सगळ्यांच्या टाक्या भरून झाल्यावर. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यात डोकावायचं आणि म्हणायचं, स्वयंपाक कमी पडला! पंप सुरू व्हायच्या आधी मोजायचं असतं, हे वर्गात सांगितलं होतं म्हणे. त्या दिवशी मी हजर होते, हे जास्त वाईट.

आता सगळं पुन्हा. पहाटे उठून. मज्जाच मजा.

२४ जानेवारी

आत्याची विहीर मोजून झाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिची लाँड्री आहे, आणि लाँड्री सगळी त्या विहिरीच्या जिवावर. स्वेटर घालून माझ्यामागे उभी. "वाकू नकोस इतकी. पडलीस तर तुझा बाप माझ्या नावाने खडे फोडेल." पाणी चांगलं वरपर्यंत होतं. नंतर चहा दिला आणि विचारलं, या आकड्यांचं पुढे काय करतात? आमच्या घराण्यात असं विचारणारी ही एकटीच.

६ फेब्रुवारी

नकाशा झाला. पाणी कमी तिथे लाल, भरपूर तिथे निळा. सगळीकडे लालच लाल. निळा एकच तुकडा — आत्याची लाँड्री आणि तिच्यामागचा मोकळा प्लॉट.

बाबांचे लागोपाठ दोन बोअर कोरडे गेलेत. घरात कोणाशी बोलत नाहीत. 'वाटण्या'चं शास्त्र जरा आजारी आहे वाटतं.

७ फेब्रुवारी

बाबांनी नकाशा बघितला. हसले नाहीत! खुर्ची ओढून बसले. "हे पाणी येतं कुठून?" मग मी काय सोडते! उतार, मुरूम, झिरपणं, प्लॉटखालून आत्याच्या विहिरीकडे कसं येतं — सगळं सांगितलं. मध्ये एकदाही पोस्टमन आला नाही. शेवटी म्हणाले, "एक प्रत दे मला." मला इतकं बरं वाटलं की लिहायलाही लाज वाटते.

१५ फेब्रुवारी

प्लॉट बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याने घेतलाय. बोअर बाबांनी मारला. धो धो पाणी लागलं. चिखलाने माखून घरी आले आणि दारातूनच आईला म्हणाले, "पोरीने जागा दाखवली. मालकालाही तेच सांगितलं."

मी म्हटलं, "आणि आत्याची विहीर?"

"एवढ्याने काय होतंय? तुम्ही शिकलेली माणसं फार भित्री."

सरांनी प्रोजेक्टवर 'उत्कृष्ट' असा शेरा मारलाय. अभिनंदन माझं.

२ मार्च

सकाळी आत्या आली. हातात दोन रिकाम्या बादल्या. बाबांनी पेपर तोंडापुढे धरला तो खाली केलाच नाही. मी नळाखाली बादली लावली, तेव्हा शेजारी उभी राहून म्हणाली, "नकाशा छान जमला म्हणे तुझा."