ऑपरेटर पाहिजे

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! टेम्पोतून यांनी आधी स्टोव्ह उतरवला, गादी मागाहून. म्हणाले, आधी चहा, मग संसार. छापखान्याच्या माडीवरची खोली मिळालीय. उजेड भरपूर, मोरी कोरडी ठणठणीत, आणखी काय पाहिजे? खाली माझं मशीन. चार रंगांचं ऑफसेट, जुनं पण राखलेलं. रोलर हाताने फिरवून पाहिले तर लोण्यासारखे फिरले. बाबा मला स्टुलावर उभं करून शाई घोटायला लावायचे, तेव्हापासून या वासाने मला भूकच लागते. मालकीणबाईंनी यांनाही बांधणी खात्यात घेतलं. बाई मशीन चालवणार याचं त्यांना काही वाटलं नाही. फक्त म्हणाल्या, हात दाखव बघू. दाखवले. खूश झाल्या.

६ फेब्रुवारी
बिस्किटांच्या वेष्टनांचं काम लावलं. रंगांची जुळणी झटक्यात बसली, रद्दी जवळजवळ नाहीच. पण कुणाच्या तोंडून ‘बरंय’ म्हणून निघेल तर शपथ. फोरमनकाका कामापुरतं बोलतात, तेही माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत. जेवायला शेजारी बसले तर कागद कापणारा कटिंगवाला डबा उचलून दुसरीकडे गेला. यांना मात्र सगळे दादा-दादा करतात, स्वतःच्या डब्यातलं वाढतात. बाईमाणूस मशीनवर उभं राहिलं म्हणून पोटात दुखत असेल. दुखू दे. ओव्याचं पाणी घ्या म्हणावं.

९ फेब्रुवारी
आज तावावर तांबडा डाग यायला लागला. प्लेट तपासली, स्वच्छ. प्लेटवरचा रंग कागदावर नेतं ते रबर दोनदा पुसलं. डाग उलट ठळक झाला. उजेडात धरून पाहिला तर पंजा. रुंद, पुरुषाचा. बोटांवरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. फोरमनकाकांना दाखवला, तर त्यांनी ताव चुरगळून खिशात कोंबला आणि म्हणाले, नवीन आहेस, नव्यासारखी राहा. कटिंगवाला फिसकन हसला.

यांना सांगितलं. म्हणाले, तुला उगाच सगळ्यांत खोट दिसते, माणसं चांगली आहेत. तुमच्याशी आहेत, मी म्हटलं.

१२ फेब्रुवारी
मेन स्विच मी स्वतः खाली ओढून बंद केला होता. स्वतः. रोलर पुसायला हात आत घातला आणि रोलर फिरला. एवढासाच, पण माझं बोट ओढलं गेलं. नख गेलं. मी केवढ्यांदा ओरडले! कुणी मान वर केली नाही. घड्या घालणारे घड्या घालत राहिले. एकट्या बांधणीतल्या डिंकवाल्या मावशींनी तोंडावर पदर दाबला. त्यांच्या शेजारी हे बसले होते. हे उठले, तर कटिंगवाल्याने यांचा दंड धरून खाली बसवलं. आणि हे बसले.

१३ फेब्रुवारी
कागदाच्या गोदामात मावशींनी मला गाठलं. घाईघाईने बोलल्या. या मशीनला माणूस लागतो. एकदा घेतला की पुढे बरेच दिवस गप चालतं. मागचा ऑपरेटर कळल्यावर पळून गेला, तर मशीनने त्याच आठवड्यात बांधणी खात्यातला सगळ्यांत नवा माणूस ओढला. तो मावशींचा नवरा. तेव्हापासून ऑपरेटरला सोडत नाहीत. मी विचारलं, मग माझ्याशी कुणी धड बोलत का नाही? म्हणाल्या, जीव लागला की मग जड जातं गं.

१४ फेब्रुवारी
यांना सगळं सांगितलं. नख गेलेलं बोट बघून यांचे डोळे भरले. म्हणाले, चल, आत्ता निघू. ट्रंक भरायला घेतली. तेवढ्यात फोरमनकाकांनी यांना खाली बोलावलं.

बऱ्याच वेळाने आले. ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. मी केलेला चहा तसाच ठेवला.

मी नव्या माणसाचं विचारलं. खात्यात सगळ्यांत नवे कोण आहेत ते विचारलं.

हे भिंतीकडे तोंड करून निजले.

१५ फेब्रुवारी
फाटकावर वॉचमनने अडवलं. काम पुरं झाल्याशिवाय सोडायचं नाही म्हणे. माझा फोन यांच्याकडे. देत नाहीत.

तावावर पुन्हा पंजा. आता लहान. अंगठ्यावर आडवा काप. हा काप माझा. डब्याचा पत्रा लागला होता, लग्नाच्या आदल्या वर्षी. हा माझा हात आहे.

ताव यांना दाखवला. यांनी तो माझ्याकडून घेतला, नीट घडी घातली. म्हणाले, उद्याचं काम तेवढं उरक. आवाज इतका मऊ —

१६ फेब्रुवारी
जेवणाची सुट्टी. सगळे एकदम उठून बाहेर गेले. मी दाराशी पोचेपर्यंत बाहेरून कडी.

खिडकीला गज आहेत. हाका मारल्या. अंगणात सगळे डबे उघडून बसलेत. एकही मान वळली नाही.

दाराच्या फटीतून यांची चप्पल दिसते. तिथेच उभे आहेत. म्हटलं, अहो, कडी काढा. चप्पल हलली नाही. म्हटलं, तुम्हाला काही होऊ देणार नाही, आपण दोघं मिळून पळू. रडताहेत. ऐकू येतंय. फोरमनकाका म्हणताहेत, चला दादा, तुम्ही इथे थांबू नका, जेवून घ्या.

चप्पल गेली.

मेन स्विच खाली आहे. वायरही उपटली. तरी रोलर फिरताहेत. सावकाश. शाई नाही, कागद नाही —

कोपऱ्यात बसलेय. एप्रनची दोरी कधी गेली आत कळलं नाही. गाठ सुटत नाही, दुखऱ्या बोटाने सुटत नाही. मशीन थांबलं. वाट बघतंय. मी ओढते तेव्हा एक इंच घेतं. नाही ओढलं तरी —

मावशी खिडकीशी आल्यात. कात्री टाका म्हटलं. मावशी, कात्री. त्या बघताहेत. यांच्याकडे बघताहेत, मग माझ्याकडे. मावशी खिडकी लावताहे