लमारचा उजवा गुडघा

२२ एप्रिल १९९६
शनिवारच्या भीमजयंतीच्या प्रोग्रॅमचा थकवा अजून अंगात. प्रशांतला साउंड सिस्टिम परत करायला पाठवलं, केतकीला शाळेत सोडलं आणि मी क्लिनिकला पंधरा मिनिटं लेट. कॅरननं (बॉस) नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

नवा पेशंट: लमार. फुटबॉलवाला. म्हणजे इथला, अमेरिकेतला, हातात धरून पळतात तो फुटबॉल. आत आला तर दारच लहान वाटलं, बाप्पा! वय ३१. प्रोफेशनल म्हणून नऊ वर्षं झाली. डिफेन्सिव्ह लाइनमन. समोर पाच दांडगे भिंत करून उभे राहतात, ती फोडून मागच्या बॉल फेकणाऱ्याला गाठायचं, हेच काम. ऑक्टोबरमध्ये मॅचमध्ये कोणीतरी पायावर पडलं. उजवा गुडघा, लिगामेंट, ऑपरेशन. टीमचे ट्रेनर आहेत, पण सीझन नाही तोवर घराजवळ म्हणून आमच्याकडे.

ऑगस्टच्या शेवटी टीमची फायनल यादी लागते. त्यात नाव नसलं तर करिअर संपलं. हे त्यानंच सांगितलं, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं. सुजाता म्हणता येत नाही त्याला. सू म्हणतो.

३ मे
बुद्धपौर्णिमा. सकाळी खीर केली, मोठा डबा क्लिनिकला नेला. लमारनं तीन वाट्या ओढल्या. कशाची म्हणून विचारलं. म्हटलं, आज बुद्धांचा दिवस, आम्ही खीर वाटतो. "असे दिवस वर्षात किती? मला लिहून दे."

मांडीचा घेर घेतला. उजवी अजून बारीक. सांगितलं तर तोंड उतरलं. मग चौथी वाटी.

११ जून
मशीनवर दोन्ही पायांचा जोर सारखा आला! मी नाचायचीच बाकी होते. लमार मात्र म्हणाला, "मशीन माझ्या अंगावर धावून येत नाही, सू." प्रॅक्टिसला बॉल हलतो, म्हणजे डाव सुरू होतो, आणि हा उशिरा सुटतो. जरासाच, पण तेवढ्यात समोरचा अंगावर येऊन राहिला. कोच नुसतं वहीत लिहितात. आणि याच्या जागेसाठी कॉलेजमधून एक बावीस वर्षांचा घेऊन ठेवलाय.

डोळे भरले होते त्याचे. एवढा मोठा माणूस.  मॅचच्या व्हिडिओ टेप आणून दे म्हटलं, जुन्या आणि नव्या.

१३ जून
टेप चारदा पाहिल्या. नागपूरला कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये मी चार वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळली. चढाईवालीचं तोंड कधी पाहिलं नाही, पायच पाहायचे. लमारचे पाय बरोबर पडतात. मग काहून लेट?

पाचव्यांदा दिसलं. जुन्या टेपमध्ये हात टेकून वाकलेला असतो तेव्हा त्याची पाठ खालीवर होते. नव्यात पाठ दगड. दम कोंडून बसतो. घाबरतो!

प्रशांत म्हणे, "अगं, तू फिजिओ आहेस, कोच नाही." झालं माझ्या पुणेरी नवऱ्याचं सुरू.

१४ जून
"तू श्वास रोखतोस."
"कोण, मी?"
नाहीच म्हणे. मग सांगितलं, बॉल हलेपर्यंत हळूहळू कबड्डी कबड्डी म्हणत राहा. बोलणाऱ्याला दम कोंडता येत नाही. एकशे तीस किलोचा माणूस कार्पेटला हात टेकून "काबाडी, काबाडी". शेजारच्या टेबलावरची आजी हसून हसून बेजार. पण सुटला ना! सात-आठदा केलं, शेवटी शेवटी खरंच लवकर सुटला.

२१ जून
लिहायची हिंमत होत नाही आहे.

मागच्या रिकाम्या हॉलमध्ये मी बॉल घेऊन समोर उभी. मी बॉल हलवायचा, तो माझ्या बाजूनं निघून जाणार, एवढंच ठरलं होतं. तो निघाला, पाय जवळून गेला आणि माझे हात आपोआप गेले. घोटा धरला. दोन्ही हातांनी. उजवा! अकरा वर्षं झाली खेळ सोडून. लमार आडवा, ऑपरेशनच्याच गुडघ्यावर.

पेशंटला कोणी पकडतं काय असं? मी मराठीतच बडबडून राहिली, अरे बापा, अरे बापा. तो पालथाच. मग उठून बसला, पाय वाकवला, सरळ केला. "बर्फ," एवढंच म्हणाला.

कॅरनला मीच जाऊन सांगितलं, रिपोर्टही लिहिला. लपवणं मला जमलं नसतं. ती म्हणाली, उद्या गुडघा सुजला तर मी तुला वाचवू शकणार नाही. माझं सोड, त्याचं काय?

घरी केतकी: "मम्मी, डिड यू टॅकल हिम?" सहा वर्षांची आहे, तिला काय कळतं. प्रशांत हसला, मग माझं तोंड पाहून ताटं घ्यायला उठला. 

२२ जून
सूज नाही!! मोजायच्या टेपनं तीनदा मोजलं. डॉक्टरनं ओढून, वाकवून पाहिलं. लिगामेंट पक्कं.

लमार म्हणाला, "आठ महिने रोज एकच वाटायचं, हा पाय कोणी धरला तर? तू धरलास. झालं आता." मला रडूच आलं, बावळटासारखं. त्यानंच टिश्यूचा खोका पुढे केला.

कॅरननं लेखी ताकीद दिली. बरोबर आहे तिचं. त्याचं नशीब चांगलं म्हणून माझी चूक कमी होत नाही. असं पुन्हा नाही.

२७ जुलै
लमार टीमच्या कॅम्पला आहे, दोन तास दूर, कॉलेजच्या होस्टेलवर. फोन आला. "गुडघा सोडून सगळं दुखतंय." याहून चांगली बातमी कोणती!

१० ऑगस्ट
सरावाची मॅच टीव्हीवर. लमारला दुसऱ्या हाफमध्ये घेतलं, म्हणजे कच्च्या लोकांसोबत. मला राग आला. पण पाठ खालीवर होत होती! दोनदा भिंत फोडली, एकदा बॉल फेकणाऱ्याला आडवा केला. मी सोफ्यावर उभी. केतकी: "मम्मी, सिट डाउन!"

तो बावीस वर्षांचा पण चांगला खेळतो. खोटं काहून बोलू.

२४ ऑगस्ट, शनिवार
उद्या चारपर्यंत फायनल यादी. ज्याला काढायचं त्याला फोन करतात, ठेवलं त्याला काहीच कळवत नाहीत. म्हणजे फोन न येणं चांगलं. लमारची बायको घरी फोनजवळ. याला घरात बसवेना, म्हणून क्लिनिकला येऊन सायकल मारत बसला. ट्रीटमेंट काहीच नव्हती. काढलं तर सोमवारी सामान गाडीत टाकून गावी मिसिसिपीला, कायमचं. दोघांचं ठरलंय.

अकराला क्लिनिकचा फोन वाजला. सायकल थांबली. कॅरननं उचलला. "नो, वी क्लोज ॲट वन." सायकल पुन्हा सुरू.

मी विचारलं, भीती वाटते?
"वाटते ना. नऊ वर्षं झाली, दहावं पाहिजे."
मला पण पाहिजे. त्याच्यापेक्षा जास्तच, असं वाटून गेलं.

एकला मी लाइट बंद करत होते, तर काउंटरवर ओणवा झाला. "मंगळवार सकाळी आठ रिकामं आहे?" सीझनमध्ये खेळाडूंची सुट्टी मंगळवारी असते. मी त्याच्याकडे पाहिलं, तो अपॉइंटमेंटच्या वहीकडे पाहत होता.

रिकामं नव्हतं. आठचं नाव खोडून नऊला टाकलं, आणि आठला लमार लिहिलं.