वाढत्या मापाचा सदरा

१२ नोव्हेंबर, जळगाव

सकाळी कमरेची कस्ती, आमचं जानवंच ते, बांधताना आतला सदरा डाव्या काखेत फाटला. माझ्या गेलेल्या बायकोने, खोर्शेदने शिवलेले आता तीनच उरले. त्यातला एक अंगात घालायचा नाही. तो कपाटात वरच्या फळीवर, धुऊन, घडी करून, माझ्या शेवटच्या दिवसासाठी. आम्हा पारशांत मेलेल्याला नवं कापड घालत नाहीत. जुनंच, स्वच्छ धुतलेलं. नवं जिवंतांना लागतं. हा नियम एखाद्या फिटरनेच केला असणार.

दुपारी लेकीचा, पेरीनचा धुळ्याहून फोन. नात झिनियाला नवजोत हवी आहे, सदरा-कस्ती घालून धर्मात घेतात तो विधी. आठ वर्षांची पोर, आपणहून म्हणाली. लेकीचा आवाज मात्र पडलेला. कारण सरळ आहे, जावई आपल्यातला नाही. आई पारशी आणि बाप पारशी नाही, अशा पोरांची नवजोत पुष्कळ दस्तूर, आमचे पुरोहित, करत नाहीत.

मी म्हटलं, सदरा मी शिवणार.
"आधी दस्तूर तर मिळू दे."
दस्तूर मिळाला आणि सदराच तयार नसला, तर?
"पप्पा, तुम्ही जन्मात बटण लावलेलं नाही."
चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. मशीन ती मशीन.

१५ नोव्हें.

दस्तूरजींना फोन. सुरतेकडचे, खोर्शेदच्या माहेरच्या ओळखीतले. जावयाचं, नितीनचं नाव ऐकलं. मग, "विचार करून कळवतो, सोराबजी."
नाही म्हणाले नाहीत.

१९ नोव्हें.

मलमल आणली, चांगली पांढरी. गल्लीच्या तोंडाशी विमलअक्का शिलाई मशीन घेऊन बसते, मूळची नरडाण्याकडची. तिला म्हटलं, दुपारची मशीन तेवढी वापरू दे.
"माले द्या ना भाऊ. अर्धा घंटामा शिवी दिसू."
नाही, शिवायचा मलाच आहे.
"तुमले?" एवढंच म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं.

पहिला सदरा वाया. गळ्यातून माझी टाचसुद्धा गेली नसती.

२१ नोव्हें.

दुसरा जमला. निदान मला तसं वाटलं. गळ्याशी गिरेबान असतो, इंचभराचा खिसा. दिवसभरात केलेलं चांगलं काम त्यात ठेवायचं. खो. म्हणायची, माणसाच्या हातून एका दिवसात तेवढंच होतं, म्हणून खिसा लहान. तो मी चारी बाजूंनी दुहेरी टीप मारून पक्का केला. वाफेची लाईन असती तर थेंब गळला नसता.

विमलअक्काने बोट घालून पाहिलं. बोट जाईना. "भाऊ, खिसाले तोंडच नही."

जन्मभर कसली ना कसली गळती बंद करत आलो, हात दुसरं काही शिकलाच नाही. हसू आलं, पण तीन दिवसांतली ही दुसरी माघार.

२३ नोव्हें.

मशीन समजायची तर खोलावी लागते. अंगातले दोन इतके विरलेत की टीप कुठे सुरू होते तेच दिसत नाही. धड एकच, वरच्या फळीवरचा.

तो काढला. उसवायला घेतला.

विमलअक्का आडवी आली. "चांगला सदरा शे. कसाले उसवतस?" तिला सांगितलं, कशासाठी ठेवलाय ते. मग तिने मशीन बाजूला सारली आणि एक एक टाका कसा सोडवायचा ते दाखवलं.

दोन्ही कुशींना टिपेच्या आत बोटभर जादा कापड निघालं. त्यावर जुन्या टिपांची भोकं. एक ओळ नाही, दोन. म्हणजे माझं पोट सुटत गेलं तशी खो.ने दोनदा टीप उसवून सदरा सैल केला, आणि मला कळूही दिलं नाही. मी आपला सगळ्यांना सांगत फिरायचो की लग्नात होतो तसाच आहे.

रडलो. खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे.

२ डिसेंबर

झिनियाचा सदरा झाला. नऊ भाग, सगळे जागच्या जागी. गिरेबानला तोंड आहे. खालच्या कडेला आतून कापड दुमडून इंचाइंचाचे तीन दाब घातले.
"इतलं कापड आत कसाले दाबं?"
पोर वाढते, अक्का.

माझा उसवलेलाही परत जोडला. खो.ची भोकं आहेत तिथूनच सुई घातली, तरी माझी टीप वाकडीच. चालेल. तो अंगावर चढेल तेव्हा मी काही आरशात बघायला जाणार नाही.

२० डिसें., धुळे

आलो. झिनियाला प्रार्थना पाठ. एका ठिकाणी अडखळते, तिथे मीही अडखळायचो. सरावाला सुतळी घेऊन कमरेभोवती तीन फेरे, पुढे गाठ, मागे गाठ. मागची सुटते.
"ममावाजी, मागे दिसत नाही, मग बरोबर बसली ते कसं कळतं?"
हाताला कळतं, म्हटलं.

खरी कस्ती डब्यात आहे. बहात्तर धाग्यांची, लहान मापाची. झिनिया दोन वर्षांची असताना खो.ने विणून ठेवलेली.

संध्याकाळी नितीन गच्चीवर आला. बराच वेळ टाकीच्या कॉकशी खेळत राहिला. मग, "पप्पा, त्या दिवशी मी कुठे बसायचं?"
पहिल्या रांगेत.
भला माणूस आहे. हे त्याला तोंडावर कधी म्हटलेलं नाही, म्हणायला हवं.

१८ जानेवारी, जळगाव

दस्तूरजींचाच फोन. "खोर्शेदबाईंची इच्छा होती का?"
म्हटलं, तिने कस्ती विणून ठेवली आहे. इच्छा नसती तर बहात्तर धागे कोण मोजत बसतं?
"अवघड करता तुम्ही."
मी काही अवघड करत नाही. पोरीला पाहिजे, सदरा तयार आहे, कस्ती तयार आहे. तुमची वाट पाहतोय.
"पुन्हा बोलू."

११ मार्च

फोन नाही. मी केला, उचलला नाही. पेरीन म्हणते, पप्पा, सोडून द्या, झिनियाला वाईट वाटायच्या आत. म्हटलं, तिने सोडलंय का? नाही ना. मग मी का सोडू?

आज गिरेबानात काय गेलं? विमलअक्काच्या मशीनचा पट्टा बदलून दिला. तेवढंच.

६ जून

सुट्टी म्हणून झिनिया इकडे. मागची गाठ आता सुटत नाही. प्रार्थनेतही अडखळत नाही. परवा मलाच दुरुस्त केलं.

दस्तूरजींचं पत्र आलं. अजून दोघांशी बोलायचं आहे, म्हणतात. शेवटी झिनियाला आशीर्वाद लिहिलाय, नावानिशी. पत्र पेरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे 'हो' पण नाही आणि 'नाही' पण नाही.

मग सदरा काढला. नवजोतीआधी घालायचा नाही, म्हणून नुसता पाठीला लावून पाहिला. इंचभर आखूड. झिनियाने वाकून कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ममावाजी, आता?"

चष्मा लावला, ब्लेड घेतलं, खालचा एक दाब उसवला. इस्त्री फिरवली. पुन्हा पाठीला लावला, बरोबर आला.

आत अजून दोन आहेत.