पत्र्यावरचा शिक्का कोणी मारायचा

मी, तांबं शुद्ध करणाऱ्या कारखान्याची मालकीण, वय त्रेपन्न, शाळा चौथीपर्यंत, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते आज लिहून ठेवते. कोणी भरीस घातलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. अक्षर वाकडं आलंय ते आजारानं नाही, आनंदानं. सकाळी निकाल आला. आपलं तांबं पास झालं!

काय झालं ते सांगते. आमचा माल म्हणजे कॅथोड, शुद्ध तांब्याचा छातीएवढा उंच पत्रा. शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव भाग तांबं भरलं तरच तो पहिल्या प्रतीचा, आणि तरच त्यावर आमचा शिक्का. विकताना पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडून किसाचे तीन नमुने काढतात: एक आमचा, एक घेणाऱ्याचा, तिसरा दोघांच्या सह्यांनी लाख लावून बंद. भांडण झालं तर तिसरा फोडायचा आणि बाहेरची प्रयोगशाळा सांगेल ते दोघांनी निमूट मानायचं. आमचा आणि तिसरा मी कोरड्या ड्रिलनं, दमादमानं काढला. घेणाऱ्याच्या माणसाला घाई. त्यानं ड्रिलवर तेल सोडलं.

मी म्हटलं, “पुसा ते. तेलातलं गंधक नमुन्यात उतरतं.”

“बाई, एवढ्याशानं काय होतंय?”

झालं ना! त्यांच्या तपासणीत गंधक जास्त निघालं, माल नापास. सहा आठवडे पत्रे गोदामात पडून. मी हटून बसले, तिसरा नमुना फोडा. आज उत्तर आलं. नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव, वर थोडं जास्तच!

निकाल येऊन तास झाला नसेल, तेवढ्यात माझे धाकटे दीर हजर.

“वहिनी, आता आपला शिक्का चालणार! तिघं कारखानदार विचारतायत. त्यांच्या पत्र्यांवर मारून द्यायचा आणि भाडं घ्यायचं.”

“आणि त्यांचं तांबं कोण तपासणार?”

“शिक्का असला की कोण तपासतंय?”

“म्हणून तर तो कोणाला द्यायचा नाही, भावजी!”

माझे डोळे मिटले की हे गृहस्थ तेराव्या मिनिटाला शिक्का भाड्यानं लावतील. म्हणून वकीलसाहेबांना जेवणावरून उठवून आणलं.

कलम एक. राहत्या दोन खोल्या मुलाला. कपाटाचं दार उचलून ओढायचं, धसमुसळेपणा करायचा नाही. त्याला तांब्यात रस नाही म्हणून माझा राग होता. आता नाही. थोडा आहे.

कलम दोन. यजमानांची मोटारसायकल भावजींना. यजमान गेले त्याच आठवड्यात यांनी गिऱ्हाइकांना परस्पर सांगितलं, कारखाना बंद झाला. ते मी मेल्यावर माफ. तोवर नाही.

कलम तीन. माझं कोरडं ड्रिल त्या घाईवाल्या माणसाला. सोबत पुसायला फडकं द्यावं.

कलम चार. शिक्का माझ्या मुलीला. माल पास झाल्याशिवाय तिनं तो मारू नये, उसना देऊ नये, भाड्यानं तर नाहीच. कारखाना चालवायचा नसेल तर घणानं ठेचून टाकावा.

हे वाचून वकीलसाहेब म्हणाले, “बाई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं.”

“आणि नुसती अंथरुणाला खिळले तर?”

मग नुसतं मृत्युपत्र काय कामाचं? मुलीला हाक मारली.

“आई, एवढी घाई कसली?”

“आहे घाई. धर हा. आजपासून तुझा, माझासुद्धा शब्द चालणार नाही.”

घेतला आणि तडक गोदामात गेली. पंधरा मिनिटांत परत.

“आई, नवा गठ्ठा थांबवलाय मी.”

“का?”

“मधल्या पत्र्यांवर हिरवे डाग आहेत. हौदातलं ॲसिड नीट धुतलेलं नाही.”

“अगं, गाडी दारात उभी आहे! आजच्या दिवशी तरी मार. पुढच्या खेपेपासून कडक हो.”

“नाही मारणार.”

भावजी दारातच उभे, माझं तोंड बघत. माझ्या कानशिलात जाळ झाला, आणि त्याच क्षणी असं हसू फुटलं की वकीलसाहेबांच्या हातातलं पेन पडलं. मी खिडकीतून ओरडले, “ड्रायव्हर, गाडी रिकामी ने! बाईसाहेब नाही म्हणतात!”

भावजी चप्पल घालून निघून गेले.

म्हणून कलम चार खोडलं आहे, खोडलेल्या जागी सही केली आहे. शिक्का आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

वाचून, समजून, खाली सही केली.

सही: मालकीण
साक्षीदार पहिला: वजनकाट्यावरचे मामा. यांना यात काही मिळत नाही, विचारून झालं.
साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण
स्थळ: कारखान्याचं ऑफिस
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार