लाल टोपीच्या माशाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर सकाळचा चहा घेऊन, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं लिहून दिलं आहे. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती दोन होती, आणि दोन्ही रागात लिहिलेली होती.

१. दुसऱ्या मजल्यावरच्या राहत्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या एकुलत्या मुलीला. पूर्वेची खिडकी जावयाला बुजवायची आहे. ती त्याने बुजवू नये. बाकी माणूस बरा आहे.

२. काच घासण्याचं यंत्र चौकातल्या चष्मेवाल्याला. त्याने माझी निम्मी गिऱ्हाईकं पळवली. पण काम चोख करतो, आणि चोख कामापुढे माझा राग टिकत नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. माझ्याकडे ओरांडा जातीचा एक गोल्डफिश आहे, वय अंदाजे नऊ. अंग पांढरंशुभ्र, आणि डोक्यावर मांसाची लालबुंद टोपी. ज्याच्या ताब्यात तो जाईल त्याने पुढचं नीट वाचावं. त्याला काचेच्या वाडग्यात कधीही ठेवू नये; टाकी दोनशे लिटरची आहे, तीच ठेवावी. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. दाणे भिजवून द्यावेत, नाहीतर पोट फुगून तो उलटा तरंगतो. तसं झालंच तर एक दिवस उपास आणि मग उकडलेला, सोललेला मटार. चपळ, सडपातळ मासे सोबतीला सोडू नयेत, ते याच्या तोंडचा घास पळवतात. टोपी वाढून आता डोळ्यांवर आली आहे. चाळीस वर्षं लोकांना नजर दिली, याच्यासाठी मात्र माझ्याकडे नंबर नाही. म्हणून हाताने भरवावं लागतं. बोट पाण्यात घातलं की हा शेपटीचा घोळ सावरत, डुलत येतो, आणि बोटाला तोंड लावून उभा राहतो. एवढा देखणा जीव मी दुसरा पाहिला नाही.

४. हा मासा, टाकीसह, तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो रंगारी आहे. आठ वर्षं आमचं बोलणं नाही, त्यामुळे कारण लिहिणं भाग आहे.

आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे असे सात मासे होते. मुलीच्या बाळंतपणासाठी मी दहा दिवस गावाला गेलो आणि त्यांना धाकट्याच्या हवाली केलं. परत आलो तर सहा मेलेले, आणि हा एक खाली त्याच्याकडे प्लास्टिकच्या टबात. तो सांगू लागला, "दादा, मासे मरू लागेपर्यंत मी पाण्यात हातसुद्धा घातला नव्हता, वरूनच दाणे टाकत होतो." मी ऐकलं नाही. साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोललो, "टर्पेंटाइनचे हात बुडवलेस तू! तुझ्या हातात दगड दिला तरी मरेल." तो घरात गेला. मी टब उचलून वर आणला.

पाच वर्षांपूर्वी, मी जिथून शोभेचे मासे घेतो त्या मासेवाल्या दुकानदाराकडून खरं कळलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी टाकी लखलखीत करून ठेवली होती. काचेवरचा कण न खपणारा माणूस मी. फिल्टरचा स्पंज आणि तळातले खडे नळाखाली पांढरे होईपर्यंत धुतले. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्या मळातच राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो. दुकानदार म्हणाला, "तुमचा भाऊ धापा टाकत आला होता. मी सांगितलं तसं टबातलं पाणी रोज बदललं त्याने, म्हणून एक तरी वाचला." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि हे कळल्यावरही मी पाच वर्षं तोंड उघडलं नाही, कारण मी मोठा. सहा मासे मी मारले. सातवा त्याने वाचवला, म्हणून तो त्याचा.

दुरुस्ती, त्याच दिवशी, साक्षीदार येण्याआधी: कलम चार लिहून वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. मेल्यावर मागितलेल्या माफीत मागणाऱ्याला शिव्या खाव्या लागत नाहीत, ही सोय मी बघत होतो. म्हणून कागद घेऊन खाली गेलो. धाकटा ब्रश धूत होता. उंबऱ्यात उभा राहून सगळं वाचून दाखवलं.

"एवढं सांगायला पाच वर्षं?" तो म्हणाला.

"हो. चुकलं माझं. मासा घेशील का?"

त्याने ब्रश झटकून डब्यात उभा केला. मग म्हणाला, "खाली नको आणूस दादा, जिन्यात हिंदकळेल तो. मीच वर येत जाईन."

तेव्हा कलम चार असं वाचावं: मासा आजपासून आम्हा दोघांचा, आणि माझ्यामागे एकट्या धाकट्याचा. टाकी माशाच्या हयातीत याच खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी राहील. मुलीने धाकट्याला खोलीची किल्ली द्यावी. धाकट्याचा आता यात हिस्सा असल्याने तो साक्षीदार नाही, पण हे लिहिताना तो इथेच आहे. वर आल्या आल्या त्याने साबणाने घासून, नळाखाली धुऊन लाल झालेले दोन्ही हात उलटेसुलटे करून मला दाखवले. मला रडू आलं. मी ते हात धरले आणि मनगटापर्यंत टाकीत बुडवले. मासा त्याच्याकडे गेला.

वरील मजकूर व दुरुस्ती माझीच आहे.

सही: काचा घासणारा, थोरला

आमच्यादेखत सही झाली, दुरुस्तीवर आमच्या वेगळ्या सह्या आहेत:
१. डॉक्टरीणबाई, पहिला मजला
२. मासेवाला दुकानदार

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: ९ मार्च, शनिवार